वहीतला संघ

माझ्या कपाटात गणितासाठी म्हणून घेतलेली एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात गणिते नाहीत असे नाही. पण ती शाळेतल्या गुरुजींनी घातलेली नव्हेत. पहिल्या पानावर सहा नावे आहेत, ती आम्हां सहा मित्रांची. पुढील प्रत्येक पानावर बेरजा, खोडाखोड आणि क्वचित एखादा पेढ्याचा तुपकट डागही आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. आयपीएलचे सामने सुरू होण्यापूर्वी आम्ही सहाजण धारवाडात माळमड्डीवरील एका घराच्या ओसरीवर जमतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवितो व एकेकाने एकेक खेळाडू मागून घ्यावयाचा. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्यास मिळत नाही. पहिल्या फेरीत जो शेवटी मागतो, तो दुसऱ्या फेरीत प्रथम मागतो. म्हणजे कोणावर अन्याय नको. अशा आठ फेऱ्या झाल्या की प्रत्येकाचा आठ गड्यांचा संघ तयार होतो. मग तिकडे मैदानावर त्यांनी खरोखर खेळावयाचे आणि इकडे आम्ही वहीत गुण मांडावयाचे : धावेला एक, झेलाला आठ, यष्टिचीताला बारा, बळीला पंचवीस. जो शेवटचा येईल त्याने लाईन बाजारातून पाव किलो पेढे आणावयाचे. आमच्या खेळात पैशाचा संबंध एवढाच. मोबाईलवर पैसे लावून हाच खेळ खेळणारे पुष्कळ होते. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी वहीकडेही संशयाने पाहिले होते. पेढ्यांनी आम्हांला वाचविले.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. ओकलँड शहरात १९६३ साली विंकेनबाख नावाच्या गृहस्थांच्या घरी काही मंडळी जमली आणि त्यांनी तिकडच्या फुटबॉलमधील खेळाडू असेच आपापसांत वाटून घेतले. त्यांच्या फुटबॉलमध्ये लांबवरून फेकलेला चेंडू धावता धावता झेलणारा एक चपळ गडी असतो. गुडघा दुखावून वर्षभर घरी बसलेला असा गडी परत आला, तर त्याला कितव्या फेरीत मागावे, यावर तिकडे मोठा खल होतो म्हणे. आमच्या ओसरीवरही १७ मार्च २०२४ रोजी, परीक्षेचे दिवस असूनही, याच प्रश्नावर तासभर भांडण झाले. आमचा गडी होता ऋषभ पंत.

पंतची हकीकत बहुतेकांना माहीत असेल. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे दिल्लीहून रुडकीला घरी जात असता त्याची मोटार दुभाजकावर आदळली व पेटली. तो वाचला, पण उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुढे कुबड्या, मग काठी, मग पाण्यात चालण्याचा सराव. २०२३ चे सबंध वर्ष तो एकही सामना खेळला नाही. १२ मार्च २०२४ रोजी क्रिकेट मंडळाने जाहीर केले की तो फलंदाजीस व यष्टिरक्षणासही योग्य आहे. आमच्या वाटणीच्या अवघे पाच दिवस आधी!

माझा सारा भर त्या 'यष्टिरक्षणासही' या शब्दावर होता. नुसत्या फलंदाजाला फक्त धावांचे गुण. यष्टिरक्षकाला झेल व यष्टिचीत यांची वरकमाई. शिवाय वीस षटके उठबस करावयास गुडघा समर्थ आहे असे ज्याअर्थी वैद्य म्हणतात, त्याअर्थी धावण्यास तो समर्थ असलाच पाहिजे. वय म्हणाल तर सव्वीस. उलट बाजूही होती. सराव वेगळा आणि सामना वेगळा. पंधरा महिन्यांत एकही अटीतटीचा चेंडू ज्याने खेळला नाही, त्याची नजर बसावयास किती दिवस लागतील हे कोणता वैद्य सांगणार? अशा वेळी शहाणा मनुष्य थांबतो. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत कोणी मागितले नाही तर स्वस्तात पदरात पाडून घेतो. मी थांबलो नाही. तिसऱ्याच फेरीत म्हणालो, "पंत."

सर्वांत मोठ्याने हसला तो आमचा मित्र. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तो हा अंक वाचणार आहे. तो आमच्या वर्गाच्या संघाचा यष्टिरक्षक. तेव्हा या विषयातील अधिकार त्याचाच. "अरे, गुडघ्यावर बसून बघ आधी," तो म्हणाला. "पन्नास वेळा बस आणि ऊठ, मग सांग पंत घेऊ का ते." मीही चेव येऊन भाषण ठोकले. संकटातून उठलेल्या माणसावर विश्वास टाकावयास छाती लागते, वगैरे वगैरे. त्या वेळी मी आठवीत होतो.

२३ मार्चला पंजाबविरुद्ध पंतने १३ चेंडूंत १८ धावा केल्या. २८ मार्चला राजस्थानविरुद्ध २६ चेंडूंत २८. मित्राने वहीत त्यापुढे एक काठी काढून ठेवली. मग ३१ मार्चला विशाखापट्टणमला चेन्नईविरुद्ध आरंभी चाचपडत, चेंडू बॅटवर येईना म्हणून स्वतःवरच चिडत, तो अखेरीस असा काही सुटला की ३२ चेंडूंत ५१ झाल्या. तीनच दिवसांनी कलकत्त्याविरुद्ध २५ चेंडूंत ५५, आणि २४ एप्रिलला गुजरातविरुद्ध ४३ चेंडूंत नाबाद ८८. हंगामाच्या शेवटी १३ सामन्यांत ४४६ धावा! मी दुसरा आलो. ज्याने सूर्यकुमार यादव घेतला होता, त्याचा गडी दुखापतीमुळे पहिले तीन सामने बसून राहिला आणि चौथ्यात शून्यावर बाद झाला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. असो. सुट्टीभर मी मोठा द्रष्टा म्हणून मिरविलो.

त्याच वर्षी जुलैत, धारवाडचा पाऊस ऐन भरात असता, माझा तो मित्र उतारावर सायकलवरून घसरला. नडगीचे हाड मोडले व गुडघाही दुखावला. मी रोजचा अभ्यास त्याच्या घरी पोचवीत असे. २१ सप्टेंबरचा शनिवार मला स्पष्ट आठवतो. सकाळची शाळा सुटल्यावर मी तसाच त्याच्याकडे गेलो. प्लास्टर निघून काठी आली होती. चेन्नईत बांगलादेशविरुद्ध कसोटी चालू होती. अपघातानंतरची पंतची ती पहिलीच कसोटी. उपाहारानंतर त्याचे शतक झाले. १०९ धावांवर तो बाद झाला तेव्हा मित्र काठी न घेताच दोन पावले उठून चालला आणि मग आपण काय केले हे ध्यानात येऊन मटकन खाली बसला. त्याची आई स्वयंपाकघरातून रागे भरली. आम्ही दोघेही हसत होतो.

डिसेंबरात तो मैदानावर आला. जानेवारीत दहावीविरुद्ध आमच्या नववीचा सामना होता आणि संघनायक मी होतो.

मी त्याला घेतले नाही.

कारणे माझ्यापाशी होती. तो पूर्वीसारखा यष्टींना चिकटून बसत नसे. उजवा पाय किंचित बाहेर टाकून अर्धवट वाकून उभा राही. डावीकडे जाणारे चेंडू धरी. उजवीकडचे त्याच्या हातून सुटत. सहा महिन्यांत एकही सामना खेळलेला नव्हता. दहावीचा संघ तगडा होता आणि एकेक धाव मोलाची होती. ही सारी कारणे खरी होती. दहा महिन्यांपूर्वी पंतविषयी माझ्या मित्राने हीच दिली होती, आणि तेव्हा मी त्यांना भित्रेपणा म्हटले होते. फरक एवढाच की पंत फसला असता तर मला पाव किलो पेढे पडले असते. हा फसला असता तर सबंध वर्ग मला बोलला असता.

अकरा नावे मी फळ्यावर लिहिली तेव्हा तो काही बोलला नाही. "मग गुणलेखनाला मी बसतो," एवढेच म्हणाला, आणि बसला. आम्ही तो सामना जिंकलो. नव्या यष्टिरक्षकाने दोन सुरेख झेल घेतले, म्हणजे माझा निर्णय चुकला असेही कोणी म्हणू शकत नव्हते. मला मात्र सारखे वाटत होते की हरलो असतो तर बरे झाले असते. संघनायकाने असे वाटून घेणे चांगले नव्हे, पण वाटले खरे.

रात्री आजोबांना सांगितले. आमचे आजोबा धारवाडचे जुने रसिक. क्रिकेटमध्ये त्यांना फारसे गम्य नाही. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी कुमार गंधर्वांचा विषय काढला. कुमार आमच्या बाजूचेच, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे. लहानपणीच त्यांच्या गाण्याने लोक थक्क होत. पुढे क्षयाने एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९४८ मध्ये ते देवासला राहावयास गेले, वर्षानुवर्षे गाणे बंद होते, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले.

"तो गायला बसला तो पूर्वीसारखा नव्हे," आजोबा म्हणाले. "दम पुरत नव्हता, म्हणून लहान लहान जागा घेऊन गाऊ लागला. तेच त्याचं गाणं झालं. तू तुझ्या मित्राला बघितलास, की तो जुना मित्र अजून आला नाही एवढंच बघितलंस?"

मी उत्तर दिले नाही.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा ओसरीवर वाटणी झाली. पंतला लखनौने २७ कोटींना घेतला होता. मी त्याला पहिल्याच फेरीत मागितले. मित्राने दुसऱ्या फेरीत महंमद शमी मागितला. २०२३ च्या विश्वचषकानंतर पायाच्या शस्त्रक्रियेमुळे शमी जवळजवळ वर्षभर खेळला नव्हता. परतल्यावर रणजी सामन्यात त्याने बळी घेतले होते आणि फेब्रुवारीत दुबईला बांगलादेशचे पाच गडी बाद केले होते. निवड काही वाईट नव्हती. पण १२ एप्रिलला पंजाबने त्याच्या चार षटकांत ७५ धावा झोडपल्या. आमच्या नियमाप्रमाणे हंगामात एक खेळाडू बदलता येतो. सर्वांनी सांगितले, शमी बदल. मित्र म्हणाला, "नाही बदलत." नऊ सामन्यांत सहा बळी, एवढीच त्याची कमाई झाली. माझा पंतही तेरा सामन्यांत १५१ धावांवर घुटमळत राहिला आणि शेवटच्या सामन्यात त्याने नाबाद ११८ केल्या, तोवर पेढ्यांचा निकाल लागून गेला होता. ते मलाच आणावे लागले. लाईन बाजारात तो माझ्याबरोबर आला आणि पुड्यातला पहिला पेढा त्यानेच उचलला.

यंदा डिसेंबरात आम्ही दहावीचे म्हणून नववीविरुद्ध उतरलो. त्याआधी पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर गोलंदाजी केली व केवळ पाहिले. अर्धवट वाकून उभे राहिल्यामुळे उसळलेला चेंडू त्याला पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. खाली राहिलेला चेंडू मात्र अजून चुकतो. मग मी वेगवान गोलंदाजांना सांगून टाकले की चेंडू थोडा आखूड ठेवा, आणि फळ्यावर नावे लिहिताना त्याचे पहिले लिहिले.

सामन्याचा पहिलाच चेंडू खाली राहिला, त्याच्या हातमोज्यांना चाटून गेला आणि सीमेपार पोचला. अवांतर चार धावा. नववीची मुले नाचू लागली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. हातमोजे घट्ट केले, उजवा पाय बाहेर टाकला आणि वाकून उभा राहिला.