रात्री मनात काय येते?

आजार बरा होण्यापलीकडे गेला, की घरची मंडळी मला वेदना, भूक, शौच यांविषयी सविस्तर सांगतात. मनाविषयी मात्र एकच वाक्य येते : 'एवढ्या आजारात उदास वाटणारच, डॉक्टर.' दुःख स्वाभाविक आहे, हे खरेच. परंतु नातवंड जवळ आले तरी चेहरा खुलत नसेल, सतत अपराधी वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. आणि त्यावर या अवस्थेतही उपचार होतात.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा यांची दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात.

माझ्या एका वृद्ध रुग्णाला मॉर्फिनने दिवसा आराम पडे; रात्री मात्र ते कण्हत. 'रात्री मनात काय येते, काका?' मी विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, 'ही कधी एकटी बँकेत गेलेली नाही हो.' औषधाची मात्रा मी तीच ठेवली. मुलाने आईला बँकेचे व्यवहार शिकवले, समुपदेशक दोनदा घरी येऊन गेल्या. कण्हणे थांबले नाही, कमी झाले.

हा प्रश्न घरच्यांनीही विचारावा, आणि उत्तर 'असे अभद्र बोलू नका' म्हणून तोडू नये. (ही घाई आपल्याकडे फार!) 'आता सुटका हवी' असे रुग्ण म्हणू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो; जागरणांनी थकलेल्या सुनेसाठी, मुलासाठीसुद्धा.