बुडबुड्यांची पंगत

माझ्या लहानपणी परभणीत आनंद साजरा व्हायचा तो गोळीसोड्याने. तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असो, घरचं लग्न असो की दहावीचा निकाल, लाकडी खोक्यातून हिरवट बाटल्या यायच्या. अंगठ्याने गोळी आत ढकलली की सोडा उसळून वर यायचा. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. सोड्याच्या स्वतःच्याच दाबाने गोळी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते, बुचाची गरजच उरत नाही. आजी, पोरंसोरं, शेतावरचे सालगडी, सगळ्यांच्या हाती तीच बाटली असायची. ती बरोबरी मला फार मोलाची वाटते.

पुढे नोकरीने नाशिकला नेलं आणि तिथे स्पार्कलिंग वाइन बनताना पाहिली. तिच्यासाठी द्राक्षं जरा लवकर, आंबटपणा टिकून असतानाच तोडतात. वाइन तयार झाली की बाटलीत पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बंद करतात. यीस्ट साखर खातं, वायू कोंडतो आणि वाइनमध्येच विरतो. महिनोन्‌महिने ती गाळावर मुरते. मग बाटल्या तिरप्या लावून, फिरवत फिरवत गाळ तोंडाशी आणतात आणि गोठवून काढून टाकतात. सोड्यात वायू बाहेरून भरावा लागतो. इथे तो बाटलीतच जन्मतो. म्हणून या कामातल्या सबुरीबद्दल मला आदर आहे.

महाराष्ट्रात स्पार्कलिंग वाइनची सुरुवात शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला केली. २००१च्या राज्य धोरणाने वाइन उद्योगाला बळ दिलं, तर २०१३ साली शांदों ही फ्रेंच परंपरेची कंपनी नाशिकची वाइन घेऊन बाजारात आली. नाशिकची गोदावरीच पुढे आमच्या परभणीकडे, गंगाखेडला येते. वरच्या धरणांतून जायकवाडी धरणात किती पाणी सोडायचं, यावरून दुष्काळात भांडणं होतात. म्हणून नाशिकची बाटली उघडताना खालच्या शिवारांची आठवण मला ठेवावीशी वाटते.

पुतणीला पीएच.डी. मिळाली तेव्हा बाटली निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी विचारलं, जेवायला काय आहे? भजी आणि खारे शेंगदाणे होते, त्यांच्यासाठी ब्रूट घेतली. ती जवळजवळ बिनसाखरेची असते आणि तिचा आंबटपणा तळणाचा तेलकटपणा कापतो. पुरणपोळीपुढे मात्र तीच ब्रूट आंबट लागते, म्हणून गोडसर डेमी-सेकही आणली. ठेच्याच्या घासासोबतही थोडी गोडीच बरी, कारण मद्याने तिखट आणखी झोंबतं. बर्फात पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटल्या चांगल्या गार केल्या. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक असतो. कोमट बाटली फेस बाहेर फेकते आणि बूच गोळीसारखं सुटतं. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवली की ती सुरक्षित उघडते.

वहिनी आणि काका दारू घेत नाहीत. त्यांच्यासाठी तितकाच गार लिंबूसोडा, तसल्याच उंच पेल्यांत ठेवला. सगळ्यांनी एकदमच पेले उचलले.

बाटलीची किंमत आणि लेबल मी शेवटी पाहते. आधी पाहते ती पाहुण्यांची यादी. ज्या पेल्यामुळे घरातल्या एकालाही बाजूला बसावं लागतं, तो कितीही भारी असला तरी समारंभाचा पेला होऊ शकत नाही.