वैशाखातलं अंगण

गोंदियात वैशाख तापला की सकाळी नऊनंतर रस्त्यांवरची वर्दळ ओसरते. राइस मिलच्या आवारातले मजूर डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, कुत्री नालीच्या ओल्या काठाला पोट टेकून पडतात, घराघरांतले कूलर घुमू लागतात. अशा उन्हात सुट्टी नसते ती कावळ्यांना. सिव्हिल लाइन्समध्ये, रामनगरात, जिथे जिथे एखादा जुना कडुनिंब अजून उभा आहे, तिथे या दिवसांत शेंड्याजवळच्या बेचक्यात काड्यांचा एक ओबडधोबड ढीग दिसतो. नीट पाहिलं तर काड्यांत वायरचे तुकडे असतात, झाडूचे हीर असतात. आत निळसर हिरव्या, तपकिरी ठिपक्यांची चारेक अंडी. या ढिगाखालचं अंगण तेव्हापासून पाऊस धरेपर्यंत कावळ्याचं होतं. घराचा कर आपण भरतो, पाणी आपण मारतो, पण हुकूम त्याचा चालतो.

हे पहिल्यांदा कळतं ते घरातल्या मांजराला.

आमची मनी कंपाउंडच्या भिंतीवरून निघते तेव्हा वरून येणारा आवाज रोजच्या काव-कावसारखा नसतो. कोरडा, आखूड, घशात घासत येणारा आवाज, एकामागून एक, दम न घेता. दोन-तीन मिनिटांत शेजारच्या गच्चीवरचे, खांबावरचे, पलीकडच्या चिंचेवरचे कावळे गोळा होतात. मनी थांबते. कान मागे पडतात, पाठ खाली जाते, शेपटीचं टोक तेवढं हलत राहतं. कावळा कधी समोरून येत नाही. एक जण तिच्यापुढे भिंतीवर उतरून तिची नजर खिळवतो, आणि दुसरा पाठीमागून, पंखांचा आवाजही न करता येऊन कानशिलावर पंजा ओढून जातो. ती वळते तोवर तो वायरवर बसलेला असतो. जेमतेम तीनशे ग्रॅमचा हा पक्षी दहापट वजनाच्या जनावरावर धावून जातो, आणि ते जनावर भिंतीवरून उडी टाकून सरळ पलंगाखाली शिरतं.

माणसालाही सवलत नाही. कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईच्या अंबाड्यावर टोच बसते, दूधवाल्याची टोपी उडते. आमच्याकडे मग लोक कावळ्याला शिव्या घालतात, गुलेल काढतात, फटाका लावतात, बांबूने घरटं पाडायच्या गोष्टी करतात. मला ते बघवत नाही. शेजारच्या मावशींचं बोलणं मात्र पटलं. त्या म्हणाल्या, "तो काय उगाच बोंबलून राहिला का? लेकरं हायेत त्याची वर. मांजर आत घेऊन घे ना तू." या सगळ्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

कारण मनी निष्पाप नाही. तिच्यावर माझा जीव आहे, पण ती शिकारी आहे हे कावळ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. अंड्यातून पिल्लू सोळा-सतरा दिवसांत बाहेर येतं आणि पुढचे तीन-चार आठवडे घरट्यात असतं. धोक्याचे दिवस त्यानंतरचे. पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हा त्याला धड उडता येत नाही. ते खालच्या फांदीवर येतं, तिथून जास्वंदीत पडतं, मग अंगणातल्या रांजणामागे आडोसा धरून बसतं. शेपटी आखूड, चोच उघडली की आत लालगुलाबी, डोळ्यांत अजून भीतीची ओळख नाही. मांजराला याहून सोपी शिकार मिळत नाही. त्या आठवड्यात कावळे सर्वांत जास्त चिडलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक म्हणतात की कावळे पिसाळले.

चिऊ-काऊच्या गोष्टीत काऊचं घर शेणाचं, पावसात वाहून जाणारं. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट आपण इतकी खरी मानतो, की कावळा घराच्या बाबतीत बेफिकीर असतो असंच डोक्यात बसतं. प्रत्यक्षात तो पावसाच्या आधीच घर बांधतो आणि नवरा-बायको मिळून पिल्लं वाढवतात. आपल्या पूर्वजांनी हे बारकाईने पाहिलं होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्यावर अख्खा अध्याय आहे. वैशाखात त्याने कोणत्या झाडावर घरटं बांधलं यावरून त्या मुलखात सुकाळ येईल की दुष्काळ, हे त्यात सांगितलं आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातही रोहिणी लागायच्या आधी म्हातारी माणसं अजून मान वर करून घरटं कोणत्या अंगाला आहे ते बघतात. भाकीत खरं ठरो न ठरो, पण त्या नजरेला घरटं पाडायचं सुचत नाही.

आता यातली खरी गंमत सांगतो, आणि ती कितीही वेळा पाहिली तरी मला हलवून जाते. वैशाखातल्या त्याच कडुनिंबावर कोकीळ पंचमात गात असतो. कावळे त्याच्या मागे लागतात, आणि तेवढ्यात ठिपक्यांची कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून जाते. तिचं अंडं थोडं लहान, पण रंगाने कावळ्याच्या अंड्याच्या जवळ जाणारं. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपेक्षा दोन-तीन दिवस आधी बाहेर येतं. ते कावळ्याच्या पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही, त्यांच्याच रांगेत चोच उघडून बसतं. म्हणजे मनीच्या कानशिलावर पंजा मारणारा तो कावळा कधी कधी जिवावर उदार होतो ते कोकिळेच्या पिल्लासाठी. एका ज्येष्ठात आमच्या पेरूच्या खालच्या फांदीवर असं एक पिल्लू दिवसभर बसून होतं. काळं, गोल डोक्याचं, लांबट शेपटीचं. दोन कावळे आळीपाळीने येऊन त्याच्या घशात घास कोंबत होते, आणि मधल्या वेळात दारातल्या मनीवर झेपावत होते. मनीला त्या पिल्लाचं गोत्र ठाऊक नव्हतं, कावळ्यांनाही नव्हतं. खाऊ घालणं आणि राखणं ही दोन कामं ते चोख करत होते.

कावळ्याचा हा ओरडा मांजरासाठीच राखून ठेवलेला नाही. दिवसा घुबड दिसलं की हीच फौज जमते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा बघतो, की रात्री एक घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांची कत्तल करतं. पंचतंत्राचं तिसरं तंत्र तर काकोलूकीयच. रात्री ज्याला डोळे नाहीत त्याने दिवसा हिशेब पुरा करायचा, असं हे जुनं वैर आहे. मांजरही रात्रीचं जनावर, झाडावर चढणारं. कावळ्याने त्याला घुबडाच्या यादीत टाकलं तर त्यात नवल नाही.

आणि ही यादी तो विसरत नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन मार्झलफ यांनी 2006 साली एक भेसूर मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात खुणेची कडी अडकवली आणि सोडून दिले. पुढे वर्षानुवर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे त्याच्यावर तुटून पडायचे. पकडले न गेलेले कावळेही त्यात सामील व्हायचे. दुसऱ्या साध्या मुखवट्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, पण घरटं पाडणारा माणूस पुढे डोक्यावर टोपी ठेवून का फिरतो, हे आमच्या गल्लीनेही पाहिलं आहे.

घारीचं प्रकरण निराळं. मटण-मासळीच्या बाजारावर त्या दिवसभर गिरक्या घेतात, आणि घरात मांजरीची नवी पिल्लं असली की लोक धास्तावतात. मोठं मांजर उचलणं घारीला शक्य नाही, ती स्वतःच किलोभराच्या आतबाहेर असते. पण गच्चीवर उघड्यावर सोडलेलं आठ-पंधरा दिवसांचं पिल्लू, कोंबडीचं पिल्लू, हे ती सहज नेते. खेड्यातल्या कोंबडीला हे कुणी शिकवावं लागत नाही, सावली सरकली की ती पंख पसरते. दिल्लीत निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घारींच्या घरट्यांचा अभ्यास करून 2018 मध्ये जे मांडलं, ते आपण घरात लावून बघावं असं आहे. जिथे उघड्यावर कचरा जास्त, आणि जिथे लोक श्रद्धेने घारींना मांसाचे तुकडे टाकतात, तिथल्या घारी घरट्यापाशी माणसावर अधिक त्वेषाने येतात. धीट पक्षी आपल्याच हातून घडतात. अंगणात मांजराची ताटली दिवसभर उघडी ठेवायची, त्यात उरलेला भात वाळत राहायचा, आणि मग कावळे फार झाले म्हणायचं, याला अर्थ नाही. एक कावळा शेपटी ओढतो, मांजर मागे वळतं, दुसरा घास पळवतो, हा खेळ त्या ताटलीभोवतीच चालतो. ताटली आत घेतली की निम्मी भांडणं मिटतात.

कुत्र्यांची गाठ पडते टिटवीशी. फुलचूर, कुडवा या बाजूंना शहर पसरत चाललंय. नव्या लेआउटमध्ये घरं उठायच्या आधी मुरूम पडतो, आणि त्या मुरमात टिटवी चार अंडी घालते, खड्यांत खडा मिसळावा अशी. सकाळी साखळीला बांधलेलं कुत्रं तिथून गेलं की ती डोक्यावर ओरडत सूर मारते, पुन्हा उठते, पुन्हा येते. तीच टिटवी भर दुपारी जवळच्या बोडीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड करते. पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात ही तिची धडपड एकदा जवळून पाहिली, की कुत्र्याला दुसऱ्या रस्त्याने नेणं जड वाटत नाही.

आणि सारस. गोंदिया जिल्हा म्हणजे महाराष्ट्रातल्या सारसांचं मुख्य घर. पावसाळ्यात धानाच्या बांधीत चिखल-गवताचा उंचवटा करून त्यांची जोडी बहुधा दोनच अंडी घालते. गावातलं कुत्रं बांधावरून आलं की पाच-सहा फुटी पक्षी पंख उघडून त्याच्यासमोर उभा राहतो, आणि कुत्रं मागे फिरतं. त्या अंड्यांवर टपलेला असतो तो हाच कावळा. शहरात आपल्या पिल्लासाठी मांजराशी भिडणारा, आणि बांधीत दुसऱ्याचं अंडं फोडणारा. मला यात विसंगती वाटत नाही. सारसाला आपण मान देतो, शेतकरी त्याचं घरटं जपतो, त्याच्या रागाचं कौतुक होतं. कावळ्याच्या रागाला तेवढीच जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं.

कायद्याने त्याला ती बरीच वर्षं दिली नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा उंदीर-घुशींसोबत उपद्रवी म्हणून नोंदलेला होता. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली.

एक भीती मात्र खरी आहे, आणि ती हल्ल्याची नाही. 2025 च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, आणि शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तो सापडला. मांजराला हा रोग पक्षी खाल्ल्याने होऊ शकतो. तेव्हा मेलेला किंवा मान टाकून बसलेला कावळा दिसला तर मांजर-कुत्रं आधी घरात घ्यावं, पक्ष्याला हात लावू नये आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवावं. धडधाकट, चोच उघडून ओरडणारं पिल्लू खाली पडलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याला घरी आणून दूध-पोळी भरवायची काही गरज नसते. आई-बाप वरच असतात. फार तर सुपात घेऊन झुडपाच्या फांदीवर ठेवावं, डोक्यावर टोपली किंवा छत्री धरून, आणि लगेच दूर व्हावं.

बाकी करायचं ते थोडंच. मनीला पाच-सहा आठवडे दिवसभर आत ठेवायचं. ती पहिले तीन दिवस दारावर नखं घासते, मग खिडकीत बसून जीभ बाहेर काढत कावळ्यांकडे बघते, तोंडातल्या तोंडात कटकट आवाज करते. कुत्र्याला तांबडं फुटताना फिरवून आणायचं. पिंजऱ्यातल्या लव्हबर्ड्सवर शिक्रा झेपावतो, तो पिंजरा व्हरांड्याच्या आत, जाळीमागे टांगायचा. कपडे वाळत घालायला जाताना छत्री घ्यायची, आणि झाडाकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

आणि फांद्या. पावसाच्या तोंडावर, मे संपता संपता, वायरला लागणाऱ्या फांद्या छाटायला माणसं येतात. ते काम गरजेचं आहे, पहिल्याच वादळात वीज जाऊ नये म्हणून. पण वर चढण्याआधी एकदा बेचक्यांत बघून घ्या, एवढं त्यांना सांगता येतं, आणि सांगितलं की ते ऐकतात. घरटं असलेली फांदी वायरपासून हातभर लांब असेल तर ती ठेवतात. आमच्या घरचा कडुनिंब आम्ही दिवाळीनंतर छाटतो. तेव्हा वर काही नसतं, आणि पालाही कमी पडतो.