तिसऱ्या दिवशीच का जायचं?

फॉर्मवर दिवस छापलेले होते: ३, ७, १४, २१, २८, ४२. बाळंतपण घरी झालं असेल तर त्याआधी पहिला दिवसही. गावची आशा स्वयंसेविका म्हणून माझी निवड झाली आणि प्रशिक्षणात गृहभेटीचा हा फॉर्म हातात आला, तेव्हा मी गोंधळूनच गेले. तिसऱ्या दिवशीच का, पाचव्या का नाही? बाळ ठणठणीत असेल तर त्याच घरी सहा वेळा कशाला? श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, ते का? वजन, ताप, दूध ओढण्याचा जोर, रडण्याचा आवाज, हातपाय ढिले पडलेत का, पोट फुगलंय का, छाती आत ओढली जातेय का... रकाने संपतच नव्हते. शेजारच्या गावातल्या जुन्या आशाताई म्हणाल्या, "अगं, भरायचं. वरून आलंय."

मला ते उत्तर पुरेना. जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षक मॅडमना गाठून पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "वरून नाही आलं. गडचिरोलीहून आलंय."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी नंतर मिळेल तिथून वाचत गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं महिन्याची व्हायच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी शिकवलेल्या गावांत हा आकडा २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने हेच काम देशभरातल्या आशांकडे सोपवलं. माझ्या पिशवीतला वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ तिथून निघून इथवर पोचलंय.

त्या ४७ गावांचा विचार मात्र मनातून जाईना. तिथल्या बायकांना का नाही शिकवलं? मी रागानेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "समजा, तुलनेला गावंच नसती. मग कुणीही म्हणालं असतं, रस्ता झाला म्हणून बाळं वाचली, त्या वर्षी पीक चांगलं आलं म्हणून वाचली. तुमच्या बायकांनी वाचवली कशावरून?" मला पटलं, पण सुखाने नाही. त्या गावांतल्या बाळांचेही जन्ममृत्यू कुणीतरी दारोदार जाऊन लिहिले, म्हणून माझा फॉर्म उभा आहे. आणि १९९९ ते २०११ ही मधली वर्षं? दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांच्या हातून हे जमतं का, ते पाहायला वेळ लागणारच. तरी बारा वर्षं फार झाली, असं मला आजही वाटतं.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. गडचिरोलीतल्या त्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच इंजेक्शन देत. धोरण झालं तेव्हा फॉर्म आला, भेटी आल्या, इंजेक्शन आशांच्या हाती आलं नाही. पुढे २०१४ मध्ये एएनएम सिस्टरना तशी परवानगी मिळाली. आम्ही लक्षण ओळखायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. त्यामागे काळजीची कारणं असतील, पण ज्या वस्तीतून रात्री गाडी मिळत नाही तिथे सोडून दिलेला तो भागच सगळ्यांत मोलाचा असतो. संशोधनातलं काय उचललं तेवढंच पाहून चालत नाही, काय मागे राहिलं तेही विचारावं लागतं.

श्वासांचं कोडं एका घरी सुटलं. बाळ झोपलेलं, अंगावरचं कापड बाजूला केलेलं, आजीबाई माझ्याकडे टक लावून बघतायत. श्वास भरभर चालले, मग मधेच थांबल्यासारखे झाले, मग पुन्हा सुरू. नवजात बाळाचा श्वास असा अनियमितच असतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं असतं तर आकडा कुठेही गेला असता. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तेवढेच आले तर धोका. याच बंग पतिपत्नींनी त्या प्रयोगाआधी, अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं साधं साधन केलं होतं, हे वाचल्यावर माझ्या हातातल्या घड्याळाचं मला फार अप्रूप वाटलं. आणि तिसरा दिवस? पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्याच आठवड्यात जातात. चाळिसाव्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पण सगळ्यांत अवघड रकाना मृत्यूचा. आमच्या भागात एक बाळ जन्मल्यावर काही तासांनी गेलं. ते रडलं होतं, आईने पाजायला घेतलं होतं. घरातल्या एका जाणत्या बाईने मला बाजूला घेतलं. "पोरी, मेलेलंच जन्मलं असं लिही. चौकशा येतील, तुलाच बोलतील." त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. मी जिवंत जन्म लिहिला, मग मृत्यू लिहिला, आणि सिस्टरना फोन केला. चौकशा आल्या, बोलणीही बसली.

तसं का लिहिलं, ते सांगते. राज्यातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगावी बालमृत्यू मोजले होते. 'कोवळी पानगळ' हा त्यांचा २००१ चा अहवाल. सरकारी नोंदीत होते त्यापेक्षा मृत्यू कितीतरी जास्त निघाले. नोंदच नव्हती, तर त्या बाळांसाठी योजना कुठून येणार? पुढे राज्याने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यूंचं मूल्यमापन करणारी समिती नेमली. मी "मेलेलंच जन्मलं" लिहिलं असतं, तर ते बाळ दुसऱ्यांदा गेलं असतं. खरा आकडा लिहिणारीला बोलणी बसत असतील तर खोटे आकडे लिहिले जाणारच, हे मी मासिक बैठकीत उभं राहून म्हटलं आहे.

आईचं वय हाही तसाच रकाना. आमच्याकडे ऊसतोडीला जाण्याआधी पोरींची लग्नं उरकतात. घरचे सांगतात एकोणीस, आणि पोर समोर बसलेली असते, माझ्या भाचीएवढी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. यावरही इथलंच संशोधन आहे. पाचोडच्या एका आरोग्य संस्थेने गावांतल्या लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभर जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, तेव्हा लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एकच वर्ष. पण सोळाव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं कमी वजनाचं बाळ ज्यांनी काट्यावर तोललंय, त्यांना एका वर्षाची किंमत कळते. असे वर्ग आमच्या गावात का नाहीत?

हा प्रश्न मी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीपुढे मांडणार आहे. गटप्रवर्तक ताईंकडून गावाच्या गेल्या वर्षीच्या जन्मवजनांचा तक्ता मागून घेतलाय. आम्ही भरलेले कागद वर जातात आणि गावात परत येत नाहीत, म्हणून या वेळी आकडे समितीत मोठ्याने वाचायचे ठरलेत, नावं न घेता. समितीच्या दहा हजारांच्या निधीतून संध्याकाळच्या वर्गासाठी दिवे आणि सतरंज्या निघतील. शिकवायला शाळेतल्या एक बाई तयार आहेत. सरपंचताईंनी विषयपत्रिकेवर विषय घेतलाय, आणि मुलींच्या आयांनाही बैठकीला बोलवा म्हणून सांगितलंय. उद्यापासून निरोप द्यायला निघतेय.