ग्रानाडातील नारिंगे

माद्रिदच्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना 'आदुआना' अशी पाटी दिसली. म्हणजे जकात कचेरी. मला न्यायला आलेली भाची हसून म्हणाली, ''मामी, हा तुमचा दिवाण बरं का!'' मला थट्टा वाटली. पण ती खरेच सांगत होती. 'दिवान' म्हणजे नोंदवही, हिशेबाची कचेरी. फारसीतून तो शब्द अरबीत गेला आणि अरबांबरोबर स्पेनला पोचून 'आदुआना' झाला. आपल्याकडे त्याच शब्दाने दिवाण, दिवाणी दावे आणि दिवाणखाना दिला.

भाची ग्रानाडाच्या विद्यापीठात शिकते. तिच्याकडे मी बारा दिवस राहिले. अलहंब्रा राजवाडा पाहिला. तो न पाहता परत आले असते तर घरच्यांनी दारात उभे केले नसते. 'अलहंब्रा' म्हणजे तांबडी. मातीचा रंगच तसा आहे. पण राजवाड्याच्या नक्षीपेक्षा माझे लक्ष बाजारातल्या पाट्यांकडेच जास्त. मास्तरकीची सवय, दुसरे काय!

रस्त्याकडेला नारिंगांची झाडे. फळ दिसायला सुरेख, चवीला कडू, म्हणून कोणी तोडत नाही. त्याला तिकडे 'नारान्खा' म्हणतात. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज' असा त्याचा प्रवास. साखरेचेही तसेच. 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'अस्सुक्कर' झाली आणि स्पेनमध्ये 'आथूकार'. ऊसही अरबांनीच तिथे नेला. एका खाणावळीत वांग्याचे तळलेले काप आले, वर चक्क काकवी घातलेली! वांग्याला शब्द 'बेरेंखेना'. हा संस्कृत 'वातिंगण'चा नातू. त्याचाच पोर्तुगीज भाऊ 'बेरिंजेला' जहाजात बसून हिंदुस्थानात आला आणि इंग्रजांच्या तोंडी 'ब्रिंजल' झाला. म्हणजे आपलेच वांगे जगाची प्रदक्षिणा करून परक्या नावाने आपल्या दारात उभे! आमच्या सासूबाईंना हे फोनवर सांगितले, तर त्या म्हणाल्या, ''काकवी घातली? मग ते बिघडलंच.''

गावचा महापौर 'आल्काल्दे', म्हणजे मुळातला काझी. गवंडी 'अल्बान्यिल', उशी 'आल्मोआदा', तेल 'आथेइते', सगळे अरबी. गावांची नावे आणि साधित शब्द धरून अशा शब्दांची संख्या अभ्यासक चार हजारांच्या घरात सांगतात. सगळ्यांत गोड 'ओखाला'. म्हणजे 'देव करो नि तसे होवो'. मूळ अरबी, 'अल्लाची इच्छा असेल तर' अशा अर्थाचे. रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या आजीबाई आभाळाकडे बघून 'ओखाला' म्हणताना मी ऐकल्या. त्यात अल्ला आहे हे त्यांच्या गावीही नसावे.

हे शब्द तिथे सुखासुखी राहिलेले नाहीत. 711 साली सुरू झालेली मुसलमानी सत्ता 1492 मध्ये ग्रानाडा पडल्यावर संपली. ग्रानाडाच्या मध्यभागी बिब-राम्ब्ला नावाचा चौक आहे. नाव अरबीच, 'वाळूची वेस'. याच चौकात 1500च्या सुमारास आर्चबिशप सिस्नेरोसने अरबी ग्रंथांची होळी केली असे सांगतात. आज तिथे फुलांची दुकाने आहेत. पुढे 1567 मध्ये राजा दुसरा फिलिप याचा हुकूम निघाला : तीन वर्षांत कॅस्टिलियन भाषा शिका, त्यानंतर घरात वा बाहेर अरबी बोलायची नाही, वाचायची नाही, लिहायची नाही. बंड झाले, ते मोडले. 1609 ते 1614 या काळात तर ख्रिस्ती झालेल्या त्या लोकांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढले. माणसे गेली. हाकलणाऱ्यांच्या तोंडी उशी, तेल नि साखर मात्र त्यांचीच राहिली.

चौकात बसून भाचीने हे सांगितले तेव्हा मला माझी तांबडी शाई आठवली.

काही वर्षांपूर्वी खानापूरकडच्या खेड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. निबंधात त्याने लिहिले होते, 'पाऊस आला खरं रान भिजलं नाही.' 'पण'च्या जागी 'खरं' हे आमच्या बेळगाव भागातले रोजचे बोलणे. शेजारच्या कानडी काकूही त्यांच्या बोलण्यात 'खरे' तसेच वापरतात. मी 'खरं'भोवती गोल केला आणि समासात लिहिले, 'शुद्ध लिहा.' तो म्हणाला, ''मॅडम, आमच्या घरात सगळी असंच बोलत्यात.'' मी म्हणाले, ''घरात बोल, वहीत नको.'' फिलिपपेक्षा मी थोडी दयाळू, इतकेच! त्यानंतर वर्षभर त्या मुलाने वर्गात आपणहून तोंड उघडले नाही. सीमेवर राहून मराठी जपायची तर ती सोवळ्यात ठेवली पाहिजे, असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. आपण रोज वाढतो ते 'तूप' आणि सुपारी कातरतो तो 'अडकित्ता' कानडीतून आले, हे मीच वर्गात शिकवत असे, हा आणखी विनोद.

परत आल्यावर महिन्याभराने तो बाजारात भेटला. लोखंडी सामानाच्या दुकानात हिशेब लिहितो. त्या निबंधाची आठवण काढली आणि ती माझी चूक होती, असे सांगितले. तो खिळे मोजता मोजता हसला.

''तुम्ही ध्यानात ठेवलासा मॅडम, खरं मी कवाच विसरलो बघा.''