सहा दिवसांचे खाडे

बेत गुहागरचा होता. मे महिन्यातल्या पहाटे लालबागहून निघालो, शिवडीला अटल सेतूवर चढलो आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी घातली. दिघीला उतरून दिवेआगर. तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की मी दोनदा गाडी थांबवली. अण्णा खाली उतरले नाहीत. सकाळपासून गप्पच होते.

सावित्रीची खाडी बागमांडल्याहून ओलांडली. पलीकडे वेसवी, म्हणजे मंडणगड तालुका. धक्क्यावरून वर आलो तसा अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "जरा थांब. मावशींचं गाव इथंच जवळ आहे."

मावशींना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं नाव ऐकतच वाढले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अण्णा पंचविशीतले, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. सातारकडचे, मुंबईत एकटे. दहा-बारा जणांच्या खोलीत वळकटीपुरती जागा आणि दोन्ही वेळा मावशींच्या खाणावळीत जेवण. जेवण चुकलं की वहीत खाडा मांडायचा, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा. संपात जवळपास अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. खाणावळवाल्या बायकांनी तो काळ कसा काढला, हे फारसं कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांचा धंदा आधीपासूनच वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांवर चालायचा. म्हणून तर प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. मावशींनी पाटल्या गहाण टाकल्या, पण अण्णांचं ताट अकरा महिने मांडलं. चाराच्या तीन चपात्या झाल्या, आमटी पातळ झाली. 'उद्यापासून येऊ नकोस' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या जेवणावर अण्णा मुंबईत तगले, दादरच्या एका छापखान्यात लागले. माझा जन्म लालबागच्या चाळीतला, तो त्यामुळेच. लग्न, पागडी, आमची शिक्षणं. फेडू फेडू म्हणता वर्षं गेली आणि मावशी खाणावळ बंद करून गावी परतल्या.

विचारत विचारत घरी पोचलो. पडवीत एक म्हातारी बाई रातांबे फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. अण्णा पायरीशीच उभे राहिले.

"मावशी, मी साचेखात्यातला. घाटावरचा."

त्यांनी हात पदराला पुसले, बराच वेळ निरखून पाहिलं. "आमटीत लिंबू पिळायचास, तोच ना रे?"

अण्णांनी खिशात होते तेवढे पैसे पुढे केले. मावशींनी त्यांची मूठ मिटवली.

"संपात सुगीला म्हणून सहा दिवस गावी गेला होतास. ते खाडे मी वहीत धरलेच नाहीत. बारा जेवणं राहिलीत तुझी माझ्याकडे. ती आधी जेव."

सुनेला हाक मारून त्यांनी तांदूळ जास्त धुवायला सांगितले आणि पुन्हा रातांब्यांकडे वळल्या. अण्णा शेजारी मांडी घालून बसले, टोपलीतला एकेक रातांबा त्यांच्या हातात देऊ लागले. मी अंगणात येऊन गुहागरची खोली रद्द केली.