चौथा कुत्रा

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आमच्या ड्राइव्हवेवर लोखंडाचा एक भारा येऊन पडला. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा, कलत्या पाठीचा ट्रक मी भाड्याने बोलावला होता. त्याने भारा मालधक्क्यावरून आणला, पाठ कलती करून हळूच घसरवला आणि दहा मिनिटांत तो निघून गेला. चार खांब, दोन आडव्या तुळया, गाडीची चाकं ज्यांवर चढतात त्या दोन लांब पट्ट्या, केबलची चार वेटोळी, एक मोटर आणि नटबोल्टांची पेटी. वजन पाऊण टनाच्या आसपास. हे सगळं जोडलं की गाडी उचलणारी चार खांबी लिफ्ट तयार होते.

अण्णा गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसून बघत होते.

"माणसं कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"कुठली माणसं?"

"हे उचलायला."

"कोणी येणार नाही. मी एकटाच जोडणार आहे."

ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांत घरच्या गॅरेजात लिफ्ट असणं फारसं नवलाचं नाही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचं पोट खातं. ज्याच्याकडे एखादी जुनी, जीव लावलेली गाडी असते, तो ती थंडी संपेपर्यंत बाहेर काढत नाही. दोन गाड्यांच्या गॅरेजात तिसरी गाडी ठेवायची तर जागा वरच शोधावी लागते. माझ्याकडे १९६९ची एक मस्टँग आहे आणि गॅरेजचं छत अकरा फुटांवर आहे. लिफ्टची क्षमता ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो. मस्टँग त्याच्या निम्म्याहूनही हलकी. कागदावर सगळं जमत होतं.

कागदावर जमवणं हेच माझं काम आहे. मी गाड्यांच्याच धंद्यात आहे, पण माझी गाडी पडद्यावर असते. ब्रेक दाबल्यावर सांगाड्याच्या कुठल्या जोडावर किती ताण येईल ते मी संगणकावर मोजतो. वीस वर्षांत माझ्या नखात ग्रीस गेलेलं नव्हतं.

अण्णा एसटीत होते. मिरजेच्या डेपोत हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेली. अण्णांचा जन्मही त्याच वर्षीचा. ही गोष्ट ते घरातल्या कुणाच्या बारशाची असावी तशी सांगतात. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले होते, जूनमध्ये. आम्ही दोघं कामावर, मुलं आपापल्या कॉलेजांत. दिवसभर ते खिडकीतून रस्ता बघायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे, कुठल्या गाडीचं बेअरिंग गेलंय. बघून नाही, आवाजावरून.

डेपोत बस उचलत नसत. बस जागेवरच उभी राहायची आणि माणूस खाली उतरायचा. लांबट, फरशी लावलेला खड्डा. त्याला सगळे पिट म्हणत. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, पाण्यावर तेलाचे रंग तरंगायचे. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो तेव्हा बसखालून त्यांचा फक्त हात वर यायचा. "पाना दे." ते हेल्परला म्हणत असत. एकदा हेल्पर जवळ नव्हता म्हणून पाना मीच उचलला. खालून आवाज आला, "ठेव तो. तू बस तिकडे. हात काळे करायचे नाहीत." भिंतीशी एक जुना टायर पडलेला असायचा. त्यावर बसून मी गणितं सोडवायचो. बारावीपर्यंत मी पान्याला हात लावला नाही आणि नंतर लावायची वेळच आली नाही.

लिफ्टबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की जोडणीला किमान दोन माणसं हवीत. मित्र म्हणाले, शनिवारी चौघं येतो, संध्याकाळी जेवून जाऊ. मी नको म्हणालो. कारण विचारलं की काहीतरी सांगायचो. खरं कारण खुर्चीवर बसलेलं होतं. मला त्यांना दाखवायचं होतं. आणि त्यांना मात्र कशालाही हात लावू द्यायचा नव्हता: हृदयात दोन स्टेंट, उजव्या हाताला कंप, आणि परदेशी पाहुण्यांच्या विम्याची बारीक अक्षरं. "तुम्ही बसा, अण्णा," हे मी दिवसातून दहा वेळा म्हणत होतो.

एकट्याने जड वस्तू हलवायची तर ताकद उपयोगाची नाही, वेळ लागतो. इंजिन उचलायची चाकांची हातक्रेन मी भाड्याने आणली होती. पट्टी एका टोकाने चार इंच उचलायची, खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, मग दुसरं टोक. मग खाली लोखंडी पाइप, आणि पाइपांवरून हातभर पुढे. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे आणायचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळे भाग आपापल्या जागेजवळ पडले होते. अण्णांनी एका तुळईच्या टोकाला वाकून पाहिलं. तिथे खांबातल्या शिडीच्या खाचांत अडकणारी पोलादी जीभ होती.

"हा कुत्रा," ते म्हणाले.

सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात ते कुत्रे मला माहीत होते. चाक पुढे फिरताना टकटक करतात, उलटं फिरू देत नाहीत. हे त्यांचेच थोरले भाऊ. प्रत्येक खांबात वरपासून खालपर्यंत खाचांची एक उभी पट्टी असते. तुळई वर जाताना कुत्रा एकेका खाचेवरून खट् करत सरकतो. हवी ती उंची आली की तुळई किंचित खाली सोडायची. कुत्रा खाचेत बसतो आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. गाडी उचलायचं काम तेल करतं, धरून ठेवायचं काम कुत्रे करतात. केबल तुटली, तेल गळलं, तरी गाडी वरच राहते. म्हणून गाडी कुत्र्यांवर बसल्याशिवाय तिच्याखाली जायचं नाही.

शनिवारी मी खांब उभे केले. ओळंबा लावला, तळाशी पत्र्याच्या चकत्या सरकवल्या. पहिली तुळई दोन खांबांमध्ये बसवताना तिचं टोक खांबाच्या आत जाण्याऐवजी कडेला अडकलं. मी क्रेन थोडी रेटली. तुळईने खांबाला ढकललं आणि खांब कलू लागला. मी पलीकडच्या टोकाला होतो. वळून पाहिलं तर अण्णा खुर्ची सोडून उठले होते आणि दोन्ही तळवे खांबाला लावून उभे होते. त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"सोडा! मागे व्हा! अण्णा, मागे व्हा म्हणतो ना!"

मी असा ओरडलो की समोरच्या घरातल्या बाई दारात आल्या. मी धावत जाऊन खांब धरला, पट्ट्याने भिंतीला बांधला. खांब पडला नाही. अण्णांनी धरला नसता तर पडला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. अण्णांनी खुर्चीची घडी केली, भिंतीला टेकवून ठेवली आणि ते आत गेले.

रविवारी मी खरोखर एकटा होतो. दुसरी तुळई, मग दोन्ही पट्ट्या. मग केबल. एका पट्टीच्या पोटात हायड्रॉलिक सिलिंडर असतो. त्याचा दट्ट्या चारही केबल एकदम ओढतो. प्रत्येक केबल पुल्यांवरून वळत आपापल्या कोपऱ्यात जाते आणि खांबाच्या माथ्यावर नटाने आवळली जाते. चारही केबल वेगवेगळ्या लांबीच्या. एक जरी पुलीच्या चुकीच्या बाजूने गेली तर सगळं उलगडून पुन्हा करायचं. मी दोनदा केलं.

रात्री जेवताना कोणी बोलत नव्हतं. म्हणून मी विषय काढला. हायड्रॉलिक लिफ्ट मेम्फिसच्या पीटर लुनाटी नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात काढली, आणि त्याला ती न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली असं सांगतात. मला वाटलं, अण्णा हसतील.

ते म्हणाले, "न्हावी खुर्ची वर घेतो तेव्हा गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं. खाली नसतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत त्यांना काय वाटत होतं, ते मी विचारलंही नव्हतं.

सोमवारी मी रजा काढली. टाकीत तेल भरलं, मोटर जोडली, आणि रिकामी लिफ्ट तीन-चार वेळा वर-खाली करून नळीतली हवा काढली. सुरुवातीला ती गचके देत होती, मग सुरळीत वर जाऊ लागली. पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यापासून जरासा सरकलेला होता. एवढं चालायचं, असं मी मनाशी म्हटलं. बटण दाबलं. मोटरचा आवाज गॅरेजभर घुमत होता. खट्, खट्. कमरेच्या उंचीवर मी बटण सोडलं.

"तीनच भुंकले."

घरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात अण्णा उभे होते. हातात चहाचा कप.

"काय?"

"तीनच भुंकले. चौथा झोपलाय."

मी चारही खांब पाहून आलो. मागच्या डाव्या खांबातला कुत्रा खाचेच्या खाली बोटभर लटकत होता. तो कोपरा बाकीच्यांच्या मागे राहत होता, कारण त्याच्या केबलचा नट सैल होता. अशीच गाडी चढवून खाली सोडली असती तर तीन कोपरे लोखंडावर टेकले असते आणि चौथा केबलवर लोंबकळत राहिला असता. मी तिच्याखाली गेलो असतो, अगदी विश्वासाने.

मी शिडी लावली. खांबाच्या माथ्यावरचा नट आवळायचा, मग खाली उतरून बटण दाबायचं, ऐकायचं, परत वर चढायचं. पहिल्या फेरीनंतर मी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबलो.

"अण्णा, बटण तुम्ही दाबता का?"

त्यांनी कप खिडकीत ठेवला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि अंगठा बटणावर टेकवला.

"अजून अर्धा फेरा," ते म्हणायचे. "अजून पाव. थांब. आता पुढचा लवकर वाजतोय." तासभर आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो. शेवटी चारही आवाज एकाच खट् मध्ये मिसळले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हां."

संध्याकाळी मस्टँग चढवली. तिची चाकं माझ्या डोक्याच्या वर गेली तेव्हा मी बटण सोडलं.

"आता वजन कशावर आहे?" अण्णांनी विचारलं. हेल्परच्या परीक्षेत विचारावं तसं.

"तेलावर."

"मग मी खाली जाऊ?"

"नको. थांबा." मी दांडी दाबून लिफ्ट खाली सोडली. ती जराशी उतरली आणि चारही खांबांनी ते ओझं एकदम घेतलं. "आता लोखंडावर."

मग ते गाडीखाली गेले. मीही गेलो. आयुष्यभर ते जमिनीत उतरून गाड्यांची पोटं बघत आले होते. इथे चपला घालून, सपाट जमिनीवर चालत गेले. चासीवरून हात फिरवत ते मागच्या डिफरन्शियलपाशी थांबले. तिथे नटांभोवती तेलाचा ओला डाग होता. सहा वर्षं गाडी माझ्याकडे होती. तो डाग मी कधी पाहिला नव्हता.

हात मागे करून ते म्हणाले, "पाना दे."

मी दिला. त्यांनी तो नटाला लावायचा प्रयत्न केला. हाताच्या कंपाने तो दोनदा निसटला. मग त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, माझं बोट धरून नटावर टेकवलं आणि म्हणाले, "हा. मग समोरचा. एका ओळीने आवळू नकोस." आत गेल्यावर हात धुवायला आम्ही दोघं एकाच सिंकपाशी उभे होतो.

गाडी उतरवताना लिफ्ट आधी थोडी वर घ्यावी लागते. वजन निघाल्याशिवाय कुत्रे खाच सोडत नाहीत. अण्णांना हे फार आवडलं. ते पुन्हा पुन्हा करायला लावायचे. नोव्हेंबरमध्ये, पहिल्या बर्फाच्या आधी, ते मिरजेला परत गेले.

मित्र गॅरेजात येतात, खांबांना हात लावतात, विचारतात, "एकट्याने केलंस?" बरेच दिवस मी हो म्हणत होतो.

रविवारी सकाळी माझा फोन जातो तेव्हा मिरजेत संध्याकाळ असते. अण्णा म्हणतात, "ऐकव." मी फोन खांबापाशी धरतो आणि बटण दाबतो. "चार," ते म्हणतात, आणि मग आम्ही बाकीचं बोलतो: पाऊस, औषधं, शेजाऱ्यांची मुलगी.

गेल्या रविवारी ते म्हणाले, "तीन."

मी चारही खांब पाहून आलो. चारही कुत्रे आपापल्या खाचेत होते. पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध होता.

"हो, अण्णा," मी म्हणालो. "मागचा डावा. थांबा, आवळतो."

शिडी लावली, वर चढलो आणि नटावर पाना टेकवला. मग फोन तोंडाशी धरून विचारलं, "किती फिरवू?"

"अर्धा," ते म्हणाले.